शकुंतला डिग्रेडेड आहे

दारव्ह्यात कुठलंही काम चौकशीशिवाय पार पडत नाही. पिशवी घेऊन घराबाहेर पडा, “कुठं निघाले जी?” रिकाम्या हातानं पडा, “आज पिशवी नाई घेतली?” बसस्टँडवर यवतमाळच्या गाडीत चढलात, तर शेजारचा माणूस दवाखाना की कोर्ट एवढं विचारून घेतो, आणि दोन्ही नसेल तर त्याची निराशा होते. अशा गावात जन्म काढलेल्या माणसासमोर एकदम काळाकुट्ट पडदा यावा, त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकावी आणि आपण लिहू ते त्या पडद्यानं चकार शब्द न काढता करून टाकावं, हे मानवत नाही. मी दोन हार्ड डिस्क जोडून त्यांचा एक साठा करायची आज्ञा लिहिली आणि एंटर मारलं. रेघ खालच्या ओळीवर गेली आणि पुन्हा लुकलुकायला लागली. बस्स.

“झालं,” फोनवरून भाचा म्हणाला.

“काय झालं?”

“पूल तयार झाला, मामा.”

“मग तो सांगत का नाही?”

“तो सांगत नसतो. काही अडलं तरच बोलतो.”

असा स्वभाव मी माणसात पाहिलेला नाही. आमच्याकडे काम न करणारेही त्या कामावर तासभर बोलतात. केलेल्या कामाबद्दल गप्प बसणारा आमच्या ओळखीत एकच होता आणि तो पुढे निवडणुकीत पडला.

तर हे सगळं कशासाठी, ते सांगतो. नातेवाइकांत मी संगणकवाला समजला जातो. कारण एवढंच, की आमच्या कचेरीत पहिला संगणक आला तेव्हा तो खोक्यातून बाहेर काढायला मी हजर होतो. त्या पुण्याईवर साऱ्या खानदानाच्या आठवणी माझ्याकडे ठेव म्हणून येऊन पडल्या. आत्याच्या लग्नाचे कृष्णधवल फोटो, चुलतभावाच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट, कॅसेटची सीडी, सीडीची फाइल, शेताच्या जुन्या फेरफाराचे स्कॅन आणि कुणाच्या तरी बारशाचं भलंमोठं चित्रण, ज्यात बाळ पळभर दिसतं आणि उरलेला वेळ जिलेबी वाढली जाते. मोबाइल भरला की मंडळी केबल घेऊन दारात. “एवढं घेऊन ठेव गा, कामाचं हाय,” असं बजावून जातात. त्यातले निम्मे फोटो गुलाबाचे असतात आणि त्यांवर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं असतं.

हे सारं एका डिस्कवर होतं. एके संध्याकाळी त्या डिस्कमधून टक्‌ टक्‌ असा आवाज यायला लागला. पाल चुकचुकली असं समजून बायकोनं ‘कृष्ण, कृष्ण’ म्हणत टेबलावर बोट आपटलं. त्यानं आवाज वाढला. मी हिंजवडीतल्या भाच्याला फोन लावला. तो तिथं नेमकं काय काम करतो, हे त्याच्या आईलाही ठाऊक नाही. पण अशा वेळी घरच्यांना डॉक्टरची आठवण व्हावी तशी त्याची होते.

“सगळं एकाच डिस्कवर? मामा, हा गुन्हा आहे,” तो म्हणाला. मग त्यानं मला इतिहास सांगितला. 1988 साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक निबंध लिहिला. एक महागडी डिस्क घेऊन तिच्यावर जीव टांगण्यापेक्षा स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र बांधाव्यात आणि त्यांतली एखादी मेली तरी बाकीच्यांनी कारभार ओढावा, असं त्यांचं म्हणणं. त्याला ‘रेड’ म्हणतात. पुढे 2001 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अहरेन्स यांनी ‘झेडएफएस’ लिहायला घेतलं. त्यात डिस्कांचा एक सामाईक साठा होतो, त्याला पूल म्हणायचं. हा पूल इतका मोठा होऊ शकतो, की तो काठोकाठ भरायला लागणाऱ्या ऊर्जेत पृथ्वीवरचे समुद्र उकळतील, असा हिशेब खुद्द बॉनविकनं मांडून ठेवला आहे.

हे मी शेजारच्या गुरुजींना सांगितलं. गुरुजी निवृत्त आहेत आणि माझ्या प्रत्येक उद्योगाच्या वेळी खुर्ची ओढून बसणं हा त्यांचा उद्योग आहे. “समुद्र राहू द्या,” ते म्हणाले, “उन्हाळ्यात आपली अडाण नदी तरी उकळण्याएवढी उरते काय?” मग जरा थांबून त्यांनी मला धीर दिला, “पण तुम्ही कराल. सुपरकॉम्प्युटर करणारा माणूस आपल्याच भागातला.” हे खरं आहे. पुण्याच्या सी-डॅकमध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ तयार झाला, ते विजय भटकर अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. मूर्तिजापूर त्यांच्या बाजूला आणि दारव्हा आमच्या बाजूला, मध्ये एक नॅरोगेज लाइन. एवढ्या नात्यावर गुरुजींनी माझ्याकडून फारच अपेक्षा धरली.

डिस्क घ्यायला यवतमाळला गेलो. भाच्यानं बजावलं होतं की दोन्ही डिस्क एकाच घाण्यातल्या घेऊ नका, एकाच वेळी बनलेल्या डिस्क एकाच वेळी मरू शकतात. दुकानदाराला ते पटेना.

“दोन सारख्याच काहून नाई पाह्यजे?”

“एकदम मरतात म्हणे.”

“मरायच्या गोष्टी काहून करता भाऊ? जोडी घ्या, सूट देतो.”

सूट म्हटल्यावर शास्त्र मागे पडतं. घरी येऊन पाहिलं, तर दोघींचे नंबर सख्ख्या जुळ्यांचे: एकीचा शेवटचा आकडा सहा, दुसरीचा सात.

आता त्या नंबरांचंच प्रकरण. संगणक चालवणारं लिनक्स डिस्कना ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी छोटी नावं देतं, पण ती पक्की नसतात. मशीन बंद करून चालू केलं, की कालची ए आज बी होऊ शकते. म्हणून डिस्कवर छापलेल्या सीरिअल नंबराचं लांबलचक नाव वापरायचं. बायको चष्मा लावून एकेक अक्षर वाचत होती, मी टाइप करत होतो.

“हे शून्य की ओ?”

“गोल आहे.”

“दोन्ही गोलच असतात.”

“मग तुम्ही वाचा, मी लिहिते.”

ओळीच्या टोकाशी पोहोचेपर्यंत दोनदा लाइन गेली, एकदा दूधवाला आला आणि गुरुजींनी तीनही प्रसंगी ‘कुठवर आलं?’ असं विचारलं. मग फोनवर भाचा म्हणाला, “मामा, दोन अक्षरं लिहून टॅब दाबा, पुढचं आपोआप येतं.” हे वाक्य तो सकाळपासून जवळ बाळगून होता.

मग आला खरा शब्द: ‘मिरर’. आज्ञेत तो लिहिला, तर जे एका डिस्कवर तेच दुसरीवर. एक गेली तरी दुसरी तयार. तो लिहायचा राहिला, तर दोन डिस्कांचा मिळून एकच लांबडा साठा होतो, जागा दुप्पट, आणि दोघींपैकी कुणीही मान टाकली तर सगळंच संपतं. आणि यंत्र विचारत नाही. ‘मिरर लिहिलं नाही, चुकून राहिलं काय?’ एवढा एक प्रश्न तहसीलच्या बाहेरचा अर्ज लिहून देणाराही विचारतो. पण यंत्राला तेवढी माणुसकी नाही.

पूलला नाव द्यायचं होतं. पुस्तकांत सगळीकडे ‘टँक’ लिहिलेलं असतं. मी ‘शकुंतला’ लिहिलं. दारव्ह्याच्या माणसाला त्यापलीकडे काय सुचणार? शकुंतला म्हणजे आमच्या मोतीबाग स्टेशनातून जायची ती यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी. तिचं वाफेचं इंजिन 1921 साली मँचेस्टरला तयार झालेलं, आणि त्यानं 1994 मध्ये डिझेल इंजिन येईपर्यंत तिला ओढलं. रूळ एकच, गाडी एकच, आणि फाटक आलं की गाडीतलाच माणूस उतरून ते लावायचा, गाडी पुढे गेली की उघडून पुन्हा चढायचा. तिच्यात जादा असं काही नव्हतंच. असलेच तर प्रवासी.

“पण शकुंतला हे नाव या कामाला बरं नाही,” गुरुजी म्हणाले. ते संस्कृत शिकवायचे. “कालिदासाची शकुंतला घ्या. राजाची स्मृती गेली. पुरावा म्हणून एकच अंगठी. ती पाण्यात पडली, माशानं गिळली. दुसरी अंगठी करून ठेवली असती, तर नाटक पाचव्या अंकात आटोपलं असतं.”

बॅकअपवरचं इतकं नेमकं भाष्य मी पुढेही कुठं ऐकलं नाही. मी नाव बदललं नाही.

तर असा पूल झाला. मग मोठ्या हौसेनं मी एकूण जागा काढून घरच्यांना दाखवली. चार टेराबाइट.

“डिस्क किती-कितीच्या आणल्या?” बायकोनं विचारलं.

“चार-चारच्या.”

“म्हणजे आठ. मग चार कुठं गेले?”

“कुठं गेले नाहीत. दुसरीवर तेच आहे जे पहिलीवर आहे.”

“पैसे आठाचे दिले ना?”

या प्रश्नाला बर्कलीच्या तिघांनी त्या निबंधात काय उत्तर दिलं असेल ते असो, माझ्याकडे नव्हतं. ही बातमी गल्लीत पसरली. यवतमाळच्या दुकानदारानं मला चार टेराबाइटला फसवलं, अशी तिची आवृत्ती संध्याकाळपर्यंत तयार झाली. लोक सांत्वनाला आले. गुरुजींनी तोडगा सुचवला, “तो मिरर शब्द काढून टाका ना. आठ मिळतात.” आणि बायकोला तर त्या दुसऱ्या डिस्कचा कायमचा राग. “दिवसभर नुसती बसून असते. तिच्यावर सिनेमे तरी टाका.” ती बसून नसते, पहिलीइतकंच काम करते, हे मी परोपरीनं सांगितलं. पण जी वस्तू संकटातच उपयोगी पडणार, तिला संकट येईपर्यंत ऐतखाऊ ठरवायचं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जादा टायर लग्नाला जाताना उतरवून ठेवतात, का तर डिक्कीत आहेराची भांडी मावत नाहीत.

खरी गंमत वेगळीच होती. झेडएफएस प्रत्येक तुकड्याची एक पडताळणीची संख्या लिहून ठेवतं. वाचताना ती जुळली नाही, की दुसऱ्या डिस्कवरची प्रत बघतं, ती बरोबर असेल तर तुम्हाला तीच देतं आणि बिघडलेली गुपचूप दुरुस्त करून टाकतं. हे मी गुरुजींना समजावलं, तेव्हा ते एकदम उठून बसले. “म्हणजे दोन भाऊ दोन वेगवेगळे उतारे घेऊन आले, तर कुणाचा खरा हे त्याला कळतं?” मी हो म्हणालो. “मग हे तलाठ्याकडे बसवा. इथं गुलाबांवर काय वाया घालवता?”

त्यांचं चुकत नव्हतं. कालांतरानं मी आत डोकावलो, तर एकच गुलाब, एकच दवबिंदू आणि एकच ‘शुभ सकाळ’ आत्या, मावशी, साडू आणि व्याही यांच्या मार्फत पुन्हा पुन्हा आलेला होता. प्रत्येकाची दुसऱ्या डिस्कवर प्रत, प्रत्येक प्रतीची पडताळणी. असला कडेकोट बंदोबस्त यवतमाळच्या कोषागारालाही नसेल.

पुढे दिवाळी आली. दिवाळीच्या झाडझुडीत संगणकाच्या मागून जळमटं काढली गेली. त्यानंतर मी सहज ‘झेडपूल स्टेटस’ लिहिलं आणि इतका वेळ मुका असलेला पडदा घडाघडा बोलायला लागला. शकुंतला: डिग्रेडेड. एक डिस्क: नाही. खाली काय करावं याचा सल्ला.

मी लगेच भाच्याला फोन लावला. घरात त्या वेळी दिवाळीला आलेली आत्या शेजारच्या खोलीत चकल्या पाडत होती. तिला माझ्याच बाजूचं बोलणं ऐकू जात होतं, ते असं:

“शकुंतला डिग्रेडेड आहे... हो, मागच्या आठवड्यापर्यंत चांगली होती... पहिलीचा पत्ता नाही, दुसरीवर भागतं आहे... नाही, घरी काही बोललो नाही, उगाच म्हणतील पैसे घातले... बदलून आणतो ना, यवतमाळला मिळते... डिस्ट्रॉय? नाही बाबा, ते तर विचारतसुद्धा नाही म्हणतोस, एका ओळीत संपतं.”

हे शेवटचं खरं आहे. ‘झेडपूल डिस्ट्रॉय’ आणि पुढे नाव लिहिलं, की अख्खा पूल जातो. ‘खरंच का?’ असं कुणी विचारत नाही. लगेच लक्षात आलं, तर परत आणायची एक वाट आहे, पण ती पुस्तकात बरीच आत लिहिलेली आहे. मी फोन ठेवून वळलो, तर दारात आत्या, बायको आणि आत्याच्या हातातला सोऱ्या.

“कोण रे ही शकुंतला?” आत्यानं विचारलं.

“पूल आहे.”

“पुलाला कोणी यवतमाळहून दुसरी आणते काय?”

मी त्यांना पडदा दाखवला. त्यावर इंग्रजीत शकुंतलेचं नाव आणि खाली तिच्या दुर्दशेचं वर्णन होतं, त्यामुळे संशय वाढला. शेवटी गुरुजींना बोलावून साक्ष द्यावी लागली. त्यांनी कालिदासापासून सुरुवात केली. राजा तिला विसरला, हे आत्याला लगेच पटलं आणि तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं.

तेवढ्यात इन्व्हर्टरवाला आला. बॅटरीत पाणी भरायला आलेला. त्याला काहीतरी बिघडलंय एवढंच कळलं होतं. तेवढं त्याला पुरतं. त्यानं डब्याचं झाकण काढलं, दोन्ही डिस्कना हात लावून पाहिला.

“हे थंडगार हाय, हे लय गरम हाय. गरम लागते ते जळालं समजा.” आणि मी तोंड उघडायच्या आत त्यानं गरम डिस्कची केबल उपटली.

विजेच्या बाबतीत हा नियम खरा असेल. पण डिस्कच्या बाबतीत जी गरम होती ती काम करत होती, आणि जी थंड होती तिची विजेची पिन जळमटांबरोबर ढिली झालेली होती. पडद्यावर आता नवीन शब्द आला: सस्पेंडेड. म्हणजे दोन्ही गेल्या, कारभार थांबवला. घरात शांतता पसरली. इन्व्हर्टरवाला म्हणाला, “पाहा, आता बराबर दाखवून राह्यलं,” आणि बॅटरीकडे वळला.

फोनवर भाच्याची पुणेरी वाणी पहिल्यांदा सुटली. “अबे मामा, त्याले हात काहून लावू देल्ला?” मग त्यानं धीरानं एकेक सांगितलं. दोन्ही पिना घट्ट बसवा. ‘झेडपूल क्लिअर’ लिहा. आता थांबा. डिस्क परत आली, की मधल्या काळात जेवढं बदललं तेवढंच ती दुसरीकडून भरून घेते. तिला पहिल्यापासून सगळं लिहावं लागत नाही. त्याला ‘रिसिल्व्हर’ म्हणतात. चकल्यांचा पुढचा घाणा निघेपर्यंत ते आटोपलंही. शेवटची ओळ आली: ज्ञात चुका काही नाहीत. आत्याचं लग्न, बारसं, जिलेब्या, गुलाब, सगळं जागच्या जागी. त्या ऐतखाऊ डिस्कनं एकटीनं घर सांभाळलं होतं. बायकोनं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “म्हणजे एकीवर भागतं. मग दुसरी कशाला आणली?”

गुरुजी मात्र माझ्या बाजूचे झाले होते. मोठमोठ्यांचं काय होतं पाहा, म्हणाले. 24 फेब्रुवारी 2021 ला मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार 11 वाजून 40 मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला सुरू झाले आणि पाचपर्यंत चालवावे लागले. त्यांच्याकडे काही कमी नव्हतं. दोन दूरसंचार कंपन्यांच्या वेगवेगळ्या तारा घेऊन ठेवल्या होत्या, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. दोन्ही कंपन्यांच्या तारांत बिघाड झाला, आणि त्यामागे वाटेतल्या रस्त्यावरचं खोदकाम निघालं. शिवाय साठवणुकीची जी मुख्य यंत्रणा अशा वेळीही चालू राहायला हवी होती, ती ठरल्याप्रमाणे चाललीच नाही, असं बाजारानं नंतर सांगितलं. “लाखो कोटींचा कारभार,” गुरुजी म्हणाले, “आणि शेवटी जेसीबी!” जेसीबीपुढे कुठलंच शास्त्र टिकत नाही, हे आम्हाला दारव्ह्यात बसून आधीच माहीत होतं. इथं रस्ता झाला की पाइपलाइन येते, पाइपलाइन झाली की केबल येते, आणि एकाच खड्ड्यात सगळं टाकावं असं सुचवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

भाच्यानं शेवटी आणखी एक सांगितलं, तेही सगळं झाल्यावर. पूल म्हणजे बॅकअप नव्हे. डिस्क मेली तर पूल वाचवतो. पण तुम्हीच फोटो पुसला, तर तो दोन्हीकडून तितक्याच इमानदारीनं पुसला जातो. पीटर क्रो नावाच्या छायाचित्रकारानं रूढ केलेला नियम असा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक गावाबाहेर.

गावाबाहेर म्हटल्यावर दिग्रसची सासुरवाडी डोळ्यांसमोर आली. एक वेगळी डिस्क भरून, फडक्यात बांधून तिकडे नेली. “हिला कुणी हात लावायचा नाही,” असं तीन पिढ्यांना सांगून आलो. मेहुण्याच्या मुलाला टीव्हीवर क्रिकेटचे सामने साठवायचे होते. त्यानं डिस्क टीव्हीला लावली. टीव्हीनं विचारलं, सगळं पुसून टाकू का? तो हो म्हणाला. जाब विचारायला फोन केला, तर सासरे म्हणाले, “अहो जावईबापू, नुसती पडून होती कपाटात. कुणाच्या कामी आली तर बिघडलं काय?”

म्हणून ही विनंती. दारव्ह्यापासून बऱ्यापैकी लांब राहणाऱ्या कुणा वाचकाकडे कपाटात वीतभर जागा असेल, तर कळवावं. डिस्क मी स्वतः आणून देईन, भाडं देईन, दिवाळीला चकल्या देईन. कपाटाला कुलूप हवं. घरात टीव्ही नसेल तर प्राधान्य.